नव्व्याण्णव बाकी

शालननं खोकं उघडलं तेव्हा
मी गॅलरीत वाळत घातलेले शेंगदाणे गोळा करत होतो.
आतून निघाला कंगवा.
गुलाबी. दात सगळे शाबूत.
मागवलं होतं दिव्याचं भिंग,
किंमत बाराशे नव्व्याण्णव, आगाऊ भरलेली.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, कडेला सरकलेली,
नंबर अर्धाच उठलेली,
बोट लागताच कळायची.
एक शीट कमी भरली
तर भोंगा होऊन गेला तरी गेट उघडायचं नाही,
दीडशे माणसं डबा हातात घेऊन उभी
आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही.
त्या नोकरीनं डोळे घेतले.
तक्रार नाही, पगार वेळेवर होता.
म्हणून तर भिंग.

त्यांच्या ॲपवर आर्या नावाची मुलगी बोलते.
‘नमस्कार दामोदर, तुमचा त्रास मी समजू शकते.’
मी लिहिलं, कंगवा आलाय.
ती म्हणाली, वस्तू यशस्वीरीत्या पोचली आहे.
मी लिहिलं, बाई, मला टक्कल आहे.
ती म्हणाली, आमच्या सेवेला पाचपैकी किती चांदण्या द्याल?
रात्री अकराला, पहाटे चारला,
तीच आर्या, तोच समजूतदारपणा.
शालन म्हणाली, पोरीला झोपू देत नसतील मेले.
ओजस हसला. आजी, ती पोरगी नाहीच.
मला बरं वाटलं,
आणि जरा वाईटही.

मग एक खरा माणूस फोनवर आला, घाईतला.
‘खोकं उघडतानाचा व्हिडिओ आहे का?’
नाही.
‘मग काका, भिंग तुम्हीच काढून घेतलं नाही कशावरून?’

शिफ्ट सुटताना रोज झडती दिलीय मी.
बूट काढून, डबा उघडून,
उरलेल्या पोळीची घडी उलगडून.
कधी राग आला नाही.
त्या दिवशी आला.
एकतीस वर्षांचा, एकदम.

फुलस्केप काढला.
बिलावर कुठल्याशा गावचा गाळा नंबर होता,
ओजसनं वाचून दाखवला.
‘महोदय, वि. वि.’पासून सुरुवात केली,
शेवटी हाताच्या सवयीनं ‘लोभ असावा’ लिहिलं.
खोडलं.
‘लोभ नसावा’ लिहिलं आणि पोस्टात जाऊन पावती घेतली.
एकोणिसाव्या दिवशी पाकीट परत.
‘गाळा बंद. शेजारी विचारले, माहीत नाही.’
पोस्टमनचं अक्षर मात्र सुंदर.

ग्राहक आयोगाच्या बाकावर शेजारी
सातपूरचा एक फिटर, निरगुडे.
त्याला ड्रिल मशीनच्या जागी साबण आले होते, आठ वड्या.
वास चांगला म्हणून घरच्यांनी लावले अंगाला.
तारखा पडतायत आणि पुरावा विरघळतोय, म्हणाला,
आणि आम्ही दोघंही इतके हसलो
की आतून शिपाई बघून गेला.

माझी नोटीस गेली.
आठव्या दिवशी मोबाइल वाजला:
बाराशे रुपये जमा.
नव्व्याण्णव ‘हाताळणी शुल्क’ वजा.
कुणी काय हाताळलं?

बिटको चौकातल्या एटीएममधून मी ते काढले.
नुसता आकडा अजून पैसा वाटत नाही मला.
पाचशेच्या दोन, दोनशेची एक.
घरी येऊन खिडकीशी धरल्या,
बोट फिरवलं. कडा बरोबर. शाई बरोबर.
बारीक अक्षरं काही लागली नाहीत.
शालन, इथं काय लिहिलंय बघ जरा.

ती केस विंचरत होती.
त्याच कंगव्यानं.
अगं, पुरावा आहे तो.
‘केस मिटली ना आता?’
नव्व्याण्णव बाकी आहेत, मी म्हटलं,
आणि खणात कोरा फुलस्केप शोधायला लागलो,
हातानंच, चाचपत.